शेवटचे तीस फूट

विमान धावपट्टीवर दणकन टेकलं की शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, ‘काय आपटलं हो!’ अलगद टेकलं, तर ‘पायलट चांगला होता’ अशी पावती मिळते. एवढ्या एका धक्क्यावरून वैमानिकाचं कसब ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांत कॉकपिटमध्ये काय चाललेलं असतं, ते एकदा बघायलाच हवं.

मुंबईला पूर्वेकडून येणारं विमान घाटकोपरच्या डोंगरावरच्या घरांवरून खाली येतं, तेव्हा ते साधारण ३ अंशांच्या उतरत्या रेषेवर असतं. साठ-पासष्ट टनांचं एअरबस ए-३२० तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं, म्हणजे सेकंदाला सत्तरेक मीटर पुढे आणि बारा फूट खाली. चाकांचा सांगाडा मात्र, उतरतानाचं वजन कमाल असलं तर, सेकंदाला १० फुटांपर्यंतचा आघात सोसेल अशा बेताने बांधलेला असतो. आहे त्याच रेषेत विमान जमिनीला भिडलं, तर सांगाड्याची मर्यादा तिथेच ओलांडली जाईल. म्हणून शेवटच्या क्षणी खाली येण्याचा वेग तोडावा लागतो. भरलेली कळशी ओट्यावर ठेवताना शेवटच्या वितीला आपला हात आपोआप सावकाश होतो, तसंच हे. वैमानिक याला ‘फ्लेअर’ म्हणतात.

उंची मोजणारं यंत्र मोठ्याने आकडे सांगू लागतं: ‘फिफ्टी... फॉर्टी... थर्टी...’ तिशीच्या सुमाराला डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनचा डावा हात साइडस्टिक किंचित मागे ओढतो. शेपटीवरचे एलेव्हेटर वर उचलले जातात, हवा शेपूट खाली दाबते आणि नाक दोन-तीन अंश वर येतं. पंख वाऱ्याला जास्त तिरपे भिडतात, त्यांची उचल काही क्षण विमानाच्या वजनाहून जास्त होते आणि उतरण्याचा वेग सेकंदाला दोन-तीन फुटांवर येतो. वीस फुटांवर यंत्र ‘रिटार्ड’ म्हणतं आणि उजवा हात इंजिनांचे थ्रस्ट लिव्हर पूर्ण मागे घेतो. या एअरबसमध्ये एक गंमत मुद्दाम ठेवलेली आहे. ५० फुटांवर संगणक नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून नाक स्वतःच हळूहळू खाली झुकवू लागतो. इतर कुठल्याही विमानासारखी इथेही स्टिक मागे ओढावी लागावी, हातांची सवय मोडू नये, एवढ्यासाठी.

विजेच्या खांबावर उतरणारी घार बघा. टेकण्याआधी ती छाती वर करते, पंख पसरते, वेग पार मारते आणि मग पाय टेकवते. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर छोट्या विमानात शिकणारी मुलं साधारण हेच शिकतात. त्यांना पहिली ताकीद मिळते ती नजरेची. जवळची जमीन बघितली की ती अंगावर येते आणि हात घाबरून स्टिक ओढतो. म्हणून नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवायची. मोठ्या जेटमध्ये मात्र घारीसारखा वेग मारून चालत नाही. नाक फार वर गेलं, तर लांब विमानाची शेपूट जमिनीला घासते.

दुसरा धोका तरंगण्याचा. जमीन पंखांच्या लांबीपेक्षा जवळ आली की पंखटोकांशी उठणारे भोवरे मोकळेपणी फिरू शकत नाहीत, हवेचा अडथळा कमी होतो आणि विमान खाली बसायला तयार होत नाही. वैमानिक मऊ लँडिंगसाठी त्याला हवेत धरून राहिला, तर दर सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर, पावसात आणि मागून वारा असताना, विमान ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट संपल्यावर टेकलं. ते टोकावरून खाली कोसळलं आणि २१ जीव गेले. त्या अपघाताला कारणं अनेक होती. पण मागे पडलेली धावपट्टी परत मिळत नाही, हे त्या रात्री फार भयंकर रीतीने दिसलं.

म्हणूनच जुलैच्या धुवांधार पावसात वैमानिक चाकं मुद्दाम जरा ठामपणे टेकवतो. टायरखालचा पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरू लागतात, पंखांवरचे स्पॉयलर उभे राहून उरलेली उचल मोडतात आणि विमानाचा सगळा भार ब्रेकवर येतो. तेव्हा लागलेला धक्का त्याने विचार करून दिलेला असतो. ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या वेगाने चाकं टेकली की नाही, हाच खरा निकष. चहा सांडला की नाही, हा नव्हे.

आणि कधी चाकं टेकायच्या बेतात असताना इंजिनं गरजली आणि विमान पुन्हा वर निघालं, तर घाबरू नका. फ्लेअर मनासारखा जमला नाही, तर इंजिनांचा रिव्हर्स लावेपर्यंत वैमानिकाला परत वर जाता येतं.