घर म्हाताऱ्या पायांना सोयीचे करा

श्रोतेहो, आज मी तुम्हांला नवे घर बांधायला सांगणार नाही. आहे त्याच घरात, म्हाताऱ्या माणसाच्या पायांनी, एक फेरी मारायला सांगणार आहे.

खेड्यातल्या पुष्कळ घरांत एक गोष्ट घडते आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही. दिवस मावळला की आजी पाणी प्यायची थांबते. विचारले तर म्हणते, "तहानच नाही बाई." खरे कारण निराळे असते. पाणी प्याले की रात्री उठावे लागते. उठायचे म्हणजे अंधारात माजघराचा उंबरठा, पडवीच्या पायऱ्या, ओले अंगण आणि त्याच्या पलीकडे संडास! पडायची भीती वाटते आणि कुणाला उठवायचा संकोच वाटतो. म्हणून ती तहान मारते. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ लागते, उठताना घेरी येते. आणि ज्या पडण्याला ती भीत होती तेच जवळ येते.

"म्हातारपणी माणूस पडायचाच," असे आपण म्हणतो. वयाने डोळे मंदावतात, गुडघे आखडतात, हाडे ठिसूळ होतात हे खरे. पण माणूस पडतो तेव्हा पुष्कळदा घराचाही त्यात हात असतो. वय मागे नेता येत नाही. उंबरठ्याला उतार मात्र लावता येतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींवर होती. तेव्हा हा प्रश्न एखाददुसऱ्या घरचा नव्हे.

सुरुवात कोठून करावी? अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेपासून. रात्री दिवे मालवून ही वाट स्वतः चालून पाहा. कुठे ठेच लागते, कुठे हात आधार शोधतो, ते लगेच कळेल.

प्रथम बाज पाहू. बाजेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. काथ्या सैल पडून झोळी झाली असेल तर ती ताणून घ्यावी. उंची वाढवायला पायांखाली नुसत्या विटा रचू नयेत, त्या सरकतात. सुताराकडून खोबण पाडलेले ठोकळे करून घ्यावेत. उशाशी हाताला लागेल असे दिव्याचे बटन आणि वीज गेली तर म्हणून दोरीने बांधलेली विजेरी असावी. जाग आल्याबरोबर ताडकन उठू नये. मिनिटभर बाजेच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आता उंबरठा. तो आपण पुजतो. काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी उताराची फळी घट्ट बसवावी. उताराचा हिशेब सोपा आहे : एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट उतार हवा. याहून उभा केला तर तो उतार न राहता घसरगुंडी होते! जिथे पायरी ठेवायचीच, तिथे तिच्या कडेला चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा. मंद नजरेला पायरीची कड दिसत नाही, पट्टा दिसतो. वाटेतली पोती, दुमडलेली सतरंजी, मुलांच्या चपला रोज सांजेला उचलाव्यात.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे न्हाणी आणि संडास. हल्ली तिथे हौसेने चकचकीत फरशी बसवतात. पाणी आणि साबण पडला की तीच वैरीण होते. फरशी खरखरीत घ्यावी. शहाबादी असेल तर पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी. शेवाळ आठवड्याला घासून काढावे. अंघोळीला पाटाऐवजी चार पायांचा, न डगमगणारा उंच स्टूल द्यावा. उकिडवे बसवत नसेल तर संडासाच्या भांड्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

आधाराला गोल पाइप बसवावा. एक इंची पाइप बाहेरून सव्वा इंचाहून किंचित जास्त भरतो, तो मुठीत नीट बसतो. चालण्याच्या वाटेवर तो जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर असावा आणि भिंत व पाइप यांत दीड इंच जागा सोडावी. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. तिथे पाइप जमिनीत पुरून काँक्रीट भरावे. मग घरातल्या धट्ट्याकट्ट्या गड्याने त्याला लोंबकळून पाहावे. टॉवेलची दांडी आणि नळ हे आधार नव्हेत.

एवढे करूनही कुणी पडलेच तर घाईने उचलून उभे करू नका. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना आपापल्या घरातली ही वाट मोजून तिचा नकाशा काढायला सांगा. पायऱ्यांची उंची मोजताना गणित होईल, आणि आजोबांशी दोन गोष्टीही होतील. काठीचे मापही मुलांनीच घ्यावे : पायांत वहाणा घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाशी आली पाहिजे. काठीच्या टोकाला रबरी टोपी हवीच. काठी, चष्मा अशा साधनांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. आपल्याला काय मिळू शकेल याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

शेवटी एकच. जे काही कराल ते त्यांना विचारून करा. "तुम्ही आता उठूच नका," असे म्हणून बसवून ठेवले तर पायांतले उरलेले बळही जाते. त्यांना आपल्या पायांनी, आपल्या वेळी जाता यावे, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. काम पुरे झाल्याची खूण सांगतो. एके रात्री आजी आपण होऊन उशाशी तांब्या भरून ठेवायला सांगेल. त्या दिवशी समजा, की घर तिच्या पायांना सोयीचे झाले.