मु. पो. दुसऱ्याचा देश

मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा आहे. इथल्या धक्क्यावरून दिघीची फेरी सुटते आणि गाड्या, मोटारसायकली, माणसं, सगळ्यांना एकदमच पलीकडे श्रीवर्धन तालुक्यात उतरवते. या पट्ट्यात कुणाचा ना कुणाचा मुलगा, जावई, चुलता बाहेर असतोच. आखात ही अलीकडची वाट. त्याआधीच्या पिढ्या आफ्रिकेला गेल्या. केपटाऊनच्या कोकणी मुसलमानांपैकी कितीतरी घराण्यांची मुळं रत्नागिरीत आणि हबसाण म्हटल्या जाणाऱ्या या भागातल्या गावांत आहेत. उलट दिशेनेही माणसं आलीच. खाडीच्या तोंडाशी उभा असलेला जंजिरा ज्यांनी शतकानुशतकं राखला ते सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, आणि त्यांचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. तेव्हा ‘मूळचा कुठला’ आणि ‘आता कुठला’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. खेळाचा विषय निघाला की मात्र हाच माणूस अडखळतो.

१२ जून २०२४ ची रात्र आठवा. टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीच्या मैदानावर भारत विरुद्ध अमेरिका. अमेरिकेने जेमतेम ११० धावा केल्या होत्या, म्हणजे सामना खिशात. भारताचा डाव सुरू झाला आणि एका डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाने पहिल्याच षटकात विराट कोहलीला पहिल्या चेंडूवर यष्टीमागे झेल द्यायला लावला. मग त्यानेच तीन धावांवर रोहित शर्माला काढलं. गोलंदाज सौरभ नेत्रावळकर, मुंबईचा. झेल घेणारा हरमीत सिंग, मुंबईचा. बाद झालेला रोहित, अर्थात मुंबईचाच. पुढे सूर्यकुमार यादव बावीसवर असताना नेत्रावळकरच्या हातून त्याचा झेल सुटला, आणि सूर्यकुमार व शिवम दुबे या आणखी दोन मुंबईकरांनी नाबाद राहून सामना जिंकून दिला. आझाद मैदानावरची मॅच कुणीतरी उचलून अमेरिकेत नेऊन ठेवावी, तसा प्रकार. आमच्याकडे टेनिस बॉल खेळणाऱ्या पोरांत दुसऱ्या दिवशी एकच वाद होता: “तो आपला ना रे? मग विराटला कशाला काढला?”

क्रिकेटला हा प्रश्न आता पडू लागला आहे. रग्बीला तो केव्हाच पडला आणि रग्बीवाल्यांनी त्यावर सरळ नियम बांधला. खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म त्या देशातला हवा. नाहीतर त्या देशात त्याचा सलग मुक्काम हवा. हा मुक्काम पूर्वी ३६ महिन्यांचा होता. तीन वर्षांचा हिशोब मांडून क्लब परदेशी पोरं आणायचे आणि मुदत भरली की राष्ट्रीय संघाला द्यायचे. दक्षिण आफ्रिकेचा सी. जे. स्टँडर २०१२ मध्ये आयर्लंडच्या मन्स्टर क्लबात आला आणि २०१६ मध्ये आयर्लंडच्या हिरव्या जर्सीत उतरला. अशा खेळाडूंना तिथे ‘प्रोजेक्ट प्लेयर’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त असे. शेवटी मुदत वाढवून ६० महिने केली गेली. प्रेम मोजता येत नाही, मुक्काम मोजता येतो. नियम करणाऱ्यांनी मोजता येईल ते घेतलं.

या नियमाचं सर्वांत लखलखीत फळ म्हणजे मायकेल लीच. १९८८ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, आई फिजीची. पंधराव्या वर्षी तो शाळेसाठी जपानमध्ये सप्पोरोला गेला, मग तोकाई विद्यापीठात शिकला, २०१३ मध्ये जपानचा नागरिक झाला आणि पुढे कर्णधार. १९ सप्टेंबर २०१५ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला विश्वचषकात जपानची गाठ दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेशी पडली. तोवरच्या सगळ्या विश्वचषकांत मिळून जपानने एकच सामना जिंकला होता, १९९१ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध. शेवटच्या क्षणी २९-३२ अशी पिछाडी, आणि जपानला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर बरोबरी, आणि दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी हीसुद्धा जपानसाठी दिवाळीच होती. लीचने किक नाकारली आणि जिंकायचंच म्हणून स्क्रम, म्हणजे खांदे भिडवून होणारी चेंडूसाठीची रेटारेटी, मागितला. थोड्या वेळात कार्न हेस्केथने कोपऱ्यात चेंडू टेकवला. जपान ३४-३२. हेस्केथही न्यूझीलंडमध्ये जन्मलेला. पण त्या रात्री जपानी माणसांनी त्या दोघांची जन्मगावं विचारली असतील असं मला वाटत नाही. जिंकल्यावर कुणी विचारत नाही. हरल्यावर मात्र पहिली चौकशी तीच होते.

जिंकूनही विचारलं गेल्याचं उदाहरण आहेच. झिम्बाब्वेत जन्मलेला तेंदाई म्तावारिरा दक्षिण आफ्रिकेच्या स्क्रमचा खांब होता. प्रेक्षक त्याला ‘बीस्ट’ म्हणत. २०१० मध्ये त्याच्याकडे पासपोर्ट कुठला, यावरून तिथल्या राजकारण्यांनी वाद घातला. त्याच वर्षी त्याला नागरिकत्व मिळालं. पुढे एकूण ११७ कसोट्या आणि २०१९ चा विश्वचषक त्याच्या नावावर लागला.

रग्बी आपल्याकडे अगदीच परकी नाही. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसात, चिखलात ती खेळली जाते, आणि कुंपणाला लागूनच आझाद मैदान आहे, जिथे शाळांचं क्रिकेट पिढ्यान्‌पिढ्या चाललं. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीगही झाली. पण परदेशी संघातून खेळणारा मराठी मुलगा बघायचा तर क्रिकेटकडेच वळावं लागतं, आणि पुन्हा नेत्रावळकरकडेच यावं लागतं.

सौरभ नेत्रावळकरचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा, मुंबईतला. २०१० मध्ये न्यूझीलंडला एकोणीस वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा तो भारताकडून खेळला. लोकेश राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल असे सोबती, आणि त्या संघात सर्वाधिक बळी नेत्रावळकरचे. उपांत्यपूर्व फेरीत भारताला पाकिस्तानने हरवलं. त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम नावाचा एक मुलगा होता.

घरी परतल्यावर नेहमीचं मराठी मध्यमवर्गीय दुकान उघडं होतंच: आधी डिग्री, मग बाकीचं. अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून त्याने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून तो चालत राहिला आणि २०१३ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण झालं, कर्नाटकविरुद्ध. तो त्याचा मुंबईकडून पहिला आणि शेवटचा प्रथम श्रेणी सामना ठरला. मुंबईच्या संघात डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाची जागा रिकामी पडून राहत नाही. पडली तरी रांगेत चार जण असतात, आणि त्यातल्या तिघांना नोकरीची चिंता नसते.

२०१५ मध्ये तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मास्टर्स करायला गेला. क्रिकेटपटूंसाठी त्याने एक मोबाइल ॲप बनवलं होतं, त्याचा प्रवेशाला उपयोग झाला. क्रिकेट संपलं, असं समजूनच तो गेला होता. शिक्षण झालं, ओरॅकल कंपनीत सॅन फ्रान्सिस्कोला नोकरी लागली, आणि शनिवार-रविवारचं क्रिकेट सुरू झालं. तिथे क्रिकेट मुख्यतः देशोदेशींहून आलेल्यांचं. खेळपट्टी बहुधा मॅटिंगची किंवा कृत्रिम. खऱ्या मातीच्या खेळपट्टीवर खेळायचं तर ऑफिस सुटल्यावर गाडी काढून लॉस एंजेलिस गाठायचं, म्हणजे सहाशे किलोमीटर. मुंबईत लोकलच्या डब्यात किट घेऊन उभा राहिलेला मुलगा आता आठवड्याच्या शेवटी हायवेवर. परत येऊन सोमवारी कामाला हजर.

इथेच मुक्कामाचा तो नियम मदतीला आला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने मुक्कामाची अट तीन वर्षांवर आणली होती. देशाचं नागरिकत्व हवंच असं नाही. तीन वर्षं तिथे राहिलेला असलास, झालं. म्हणजे रग्बीने अट वाढवली आणि क्रिकेटने सैल केली. कारण उघड आहे. रग्बीला फ्रान्स-आयर्लंडसारखे श्रीमंत संघ बाहेरची पोरं उचलतात याची चिंता, तर क्रिकेटला अमेरिकेसारख्या देशात अकरा जण जमवायचीच चिंता. २०१८ मध्ये नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळू लागला, त्याच वर्षी कर्णधारही झाला. एप्रिल २०१९ मध्ये नामिबियात त्याच्या संघाने अमेरिकेला एकदिवसीय सामन्यांचा अधिकृत दर्जा मिळवून दिला. मुंबईने एका सामन्यानंतर ज्याला पुन्हा बोलावलं नाही, त्याच्या हाती एका देशाचं कर्णधारपद आलं. यात मुंबईची चूक काढण्यात अर्थ नाही. जिथे गुणवत्ता भरपूर आणि जागा अकरा, तिथे असंच होतं.

६ जून २०२४ ला डल्लासला पाकिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत सुटला. नेत्रावळकरने चार षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले होते. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८ झाल्या, त्यांत पाकिस्तानच्या वाइडचा हातभार मोठा. आता चेंडू नेत्रावळकरच्या हातात. ऑफ स्टंपच्या बाहेर, फलंदाजाच्या बॅटच्या टोकापाशी पडणारे यॉर्कर. पहिला चेंडू रिकामा. दुसऱ्यावर इफ्तिखार अहमदचा चौकार, मग एक वाइड. तिसऱ्यावर इफ्तिखार झेलबाद. पुन्हा वाइड. मग पायाला लागून गेलेले चार, मग दोन धावा. शेवटच्या चेंडूवर सात हव्या होत्या, एकच निघाली. पाकिस्तान १३. समोरच्या संघाचा कर्णधार होता बाबर आझम. चौदा वर्षांनी हिशोब चुकता झाला, पण टोपी वेगळी होती.

त्या दिवसांत त्याच्या नोकरीचीच चर्चा जास्त झाली. दौऱ्यावर लॅपटॉप बरोबर, सामन्यानंतर हॉटेलात काम. आपल्याकडे त्याची गोड गोष्ट केली गेली. मला तिच्यात खटकतं ते असं की जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या राष्ट्रीय गोलंदाजाला पोटासाठी दुसरी नोकरी लागते. फ्रँचायझी लीग आल्यावर चित्र थोडं बदललं. मेजर लीग क्रिकेटमध्ये वॉशिंग्टन फ्रीडमकडून त्याने २०२३ मध्ये एका सामन्यात ९ धावांत ६ बळी घेतले, आणि २०२४ मध्ये स्टीव्ह स्मिथच्या नेतृत्वाखाली तो संघ विजेता ठरला तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक बळी त्याचेच होते.

त्याच्या संघातल्या हरमीतचीही गोष्ट याच पठडीतली. २०१२ च्या विजेत्या एकोणीस वर्षांखालील भारतीय संघातला हा डावखुरा फिरकीवाला मुंबईकडून, मग त्रिपुराकडून खेळला आणि अखेर अमेरिकेत गेला. कर्णधार मोनांक पटेल आणंदचा. कोरी अँडरसन तर आधी न्यूझीलंडकडूनच खेळून आलेला.

एजाझ पटेलचं प्रकरण वेगळं, कारण तो ठरवून गेला नाही, त्याला नेलं गेलं. जोगेश्वरीचं घर सोडून १९९६ मध्ये आईवडील न्यूझीलंडला गेले तेव्हा तो आठेक वर्षांचा होता. तिथे वेगवान गोलंदाज म्हणून सुरुवात, मग विशीत फिरकीकडे वळण. वयाच्या तिशीत पदार्पण, अबुधाबीला पाकिस्तानविरुद्ध. दुसऱ्या डावात पाच बळी आणि चार धावांनी विजय. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे दहाच्या दहा गडी ११९ धावांत बाद केले. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर तिसराच. त्याच सामन्यात न्यूझीलंडचा संघ ६२ मध्ये गुंडाळला गेला आणि ३७२ धावांनी हरला. आणि लगेच मायदेशी झालेल्या बांगलादेशविरुद्धच्या मालिकेत एजाझला संघात जागाच नव्हती, कारण तिथल्या खेळपट्ट्यांना फिरकीची गरज नव्हती. घेतलेल्या देशाची ही दुसरी बाजू: तुमचा गुण त्यांच्या मातीत चालेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा वानखेडेवर आला, सामन्यात ११ बळी घेतले, आणि भारत मायदेशात ०-३ हरला. जोगेश्वरीपासून वानखेडे तासाभराच्या अंतरावर. पण एजाझला तिथे पोहोचायला ऑकलंडवरून यावं लागलं.

उलटी वाट मात्र आपण अरुंद ठेवली आहे. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही, हे सरकारी धोरण २००८ पासूनचं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाहीच. ऑस्ट्रेलियात जन्मलेला फुटबॉलपटू रायन विल्यम्स, ज्याचं आजोळ मुंबईचं अँग्लो-इंडियन, त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं तेव्हाच त्याला भारताची दारं उघडली. फुटबॉलमध्ये आपण खालच्या क्रमांकांवर लोंबकळत असताना ही अट फार महाग पडते, असं माझं मत. क्रिकेटला तिची झळ लागत नाही, म्हणून ती बदलावी असा दबावही येत नाही.

अमेरिकेतल्या मुंबईकरांपुढे वेगळीच अडचण आहे. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट परत येतं आहे, १९०० नंतर पहिल्यांदा. ऑलिंपिकच्या सनदेत मुक्कामाची सवलत नाही. खेळाडू त्या देशाचा नागरिकच असावा लागतो. क्रिकेटच्या विश्वचषकाला पुरेशी ठरलेली तीन वर्षं तिथे चालणार नाहीत. अमेरिका पात्र ठरली, तर तिच्या संघात मुंबईचं कोण असेल, हे निवड समितीइतकंच तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या फायलींवर ठरेल.