वावरातली पवनचक्की : बांधणी, निगा आणि दुरुस्ती

बुलढाणा जिल्ह्यात शेतीचे पंप सोलरवर येऊ लागले, तरी रात्री वावरात अंधारच असतो. सौर कृषी पंपाला बॅटरी नसते. सूर्य मावळला की तो थांबतो. शेतीच्या लाइनची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रानडुकरांपासून मका-हरभरा राखायला जागलीवर जाणाऱ्याला फार काही लागत नाही: दोन-तीन एलईडी दिवे, मोबाइलचं चार्जिंग आणि कुंपणाचं झटका मशीन. सातपुड्याच्या पायथ्याच्या दूरच्या वस्त्यांवरची गरजही अशीच मोजकी. एवढी वीज घरी बांधलेली छोटी पवनचक्की देऊ शकते. मात्र वर्षभर नाही आणि सगळीकडेही नाही.

आधी वाऱ्याचा हिशोब

वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. २.४ मीटर व्यासाची, म्हणजे साधारण आठ फुटांची चक्की घ्या. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात ती जेमतेम २० वॅट देईल. ४ मीटरला ५०, ६ मीटरला १६० आणि १० मीटरला ७०० वॅटच्या आसपास. यात घरगुती बांधणीची कार्यक्षमता ३० टक्के धरली आहे. कितीही चांगली चक्की असली तरी वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं.

वेग ओळखायला आपल्याकडे खुणा आहेत. वारा तोंडाला जाणवतो, लिंबाची पानं नुसती सळसळतात, तेव्हा तो ३ मीटरच्या आतच असतो. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर साडेतीन ते साडेपाच. धुळीचे लोट उठून लहान फांद्या डुलू लागल्या की साडेपाच ते आठ. चक्कीचं खरं काम या तिसऱ्या खुणेपासून सुरू होतं.

सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत डोंगरमाथ्यांवर मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कारण तिथे वारा आहे. बुलढाण्याचं नशीब तेवढं जोरावर नाही. इथे जोराचा वारा मिळतो तो मुख्यतः जून ते ऑगस्ट. पण नेमके हेच दिवस ढगाळ असतात आणि सोलर पॅनलची वीज घटते. म्हणून पवनचक्कीकडे पॅनलची पावसाळी जोडीदार म्हणून पाहावं, पॅनलच्या जागी नव्हे.

जागा आणि उंची

घाटावरच्या तालुक्यांत, बुलढाणा-चिखली-मेहकरच्या पठारावर, मोकळा माथा मिळाला तर चक्कीला अर्थ आहे. घाटाखाली, पूर्णेच्या सपाट पट्ट्यात, झाडी आणि वस्तीपासून दूर मोकळवण असेल तरच विचार करावा. सातपुड्याच्या खोऱ्यात, दोन टेकड्यांच्या मध्ये, वारा भोवऱ्यासारखा फिरतो. तिथे चक्की नुसती तोंड फिरवत राहते.

गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, पूर्वी खळं कुठे करायचे. उफणणीला सरळ वारा लागतो, त्यामुळे खळ्याची जागा पारखूनच निवडलेली असे. एक नियम मात्र पक्का: शंभर मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा छपरापेक्षा पातं किमान ९ मीटर, म्हणजे ३० फूट वर फिरलं पाहिजे. घराच्या भिंतीला किंवा स्लॅबला खांब जोडू नये. थरथर घरभर पोहोचते आणि छपरावरचा वाराही खडबडीत असतो.

टॉवर म्हणजे बुडाशी बिजागरी असलेला जीआय पाइप आणि चारही बाजूंनी ताणाच्या तारा. असा टॉवर आडवा करून जमिनीवर काम करता येतं, कुणाला वर चढावं लागत नाही. उभा करताना ट्रॅक्टरने ओढू नये. धक्का बसला की तार तुटते. हाताची विंच किंवा चेनपुली बरी.

पाती लाकडाची

घरगुती चक्कीचा आज जगभर वापरला जाणारा आराखडा ह्यू पिगॉट यांचा. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग ही विजेच्या तारा न पोहोचलेली वस्ती आहे. तिथे राहून १९७०च्या दशकापासून त्यांनी तो घडवत आणला. तमिळनाडूतल्या ऑरोविलमध्ये मिनवायू या गटाने याच पद्धतीच्या चक्क्या भारतात बांधल्या आणि लोकांना बांधायला शिकवल्या.

यात तीन पाती असतात. लाकूड हलकं, सरळ रेषांचं आणि गाठी नसलेलं हवं. शिवण किंवा देवदार चालतं. सागवान टिकाऊ पण जड. पातं बुडाशी रुंद आणि जास्त तिरकं, टोकाकडे अरुंद आणि जवळजवळ सपाट होत जातं. टोक वाऱ्याच्या सहापट वेगाने फिरेल असं धरून हा पीळ काढतात. कोरून झाल्यावर तिन्ही पाती जोडून तोल तपासायचा आणि कमी वजनाच्या बाजूला शिशाचा तुकडा ठोकायचा. तोल चुकला तर अख्खा टॉवर हादरतो.

पीव्हीसी पाइप कापून केलेली पाती लहान चक्कीला स्वस्त पडतात, पण वऱ्हाडच्या उन्हात ती कडक होऊन तडकतात.

जनित्र भंगारातलं की घरचं

पुष्कळ जण मोटारीचा अल्टरनेटर लावून पाहतात आणि निराश होतात. मोटारीचा अल्टरनेटर मिनिटाला हजाराच्या वर फेरे मागतो. आपली आठ फुटी चक्की ४ मीटर वाऱ्यात दोनशेही घेत नाही. शिवाय त्याचं चुंबकत्व जागं करायलाही बॅटरीच खर्च होते. मलावीतल्या विल्यम काम्क्वाम्बा या किशोरवयीन मुलाने २००१-०२च्या दुष्काळानंतर सायकलचा डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे खांब वापरून चक्की उभी केली. तिच्यावर घरचे दिवे आणि रेडिओ चालले. थोड्या गरजेला तेवढंही पुरतं.

जास्त वीज हवी तर कमी फेऱ्यांचं जनित्र स्वतः बांधावं. जुन्या मोटारीचं चाकाचं हब भंगारात मिळतं. त्यावर लोखंडी चकत्या, प्रत्येक चकतीवर १२ निओडिमियम चुंबक, उत्तर-दक्षिण आळीपाळीने. दोन चकत्यांच्या मधोमध तांब्याच्या तारेची ९ वेटोळी पॉलिएस्टर रेझिनमध्ये ओतून केलेली स्थिर तबकडी. लेथवाला आणि वेल्डर हाताशी असले की काम होतं. चुंबक हाताळताना सावध राहावं. दोन चकत्या अचानक चिकटल्या तर बोट चिरडतं. त्या बोल्टच्या आट्यांवर हळूहळूच खाली उतरवायच्या.

शेपूट वादळात वाचवतं

वळवाच्या पावसाआधीची वावटळ चक्कीचा खरा शत्रू. म्हणून चक्कीचं तोंड खांबाच्या मध्यरेषेपासून १०-१२ सेंटिमीटर बाजूला बसवतात आणि शेपटाची बिजागरी किंचित तिरपी ठेवतात. साधारण वाऱ्यात शेपूट स्वतःच्या वजनाने सरळ राहतं आणि चक्की वाऱ्याला सामोरी. वारा हाताबाहेर गेला की त्याचा दाब पात्यांना बाजूला वळवतो, शेपूट उचलून दुमडतं आणि वेग उतरतो. वारा निवळला की ते आपोआप जागेवर येतं. शेपूट जड केलं तर चक्की उशिरा वळते आणि वेटोळी जळतात. हलकं केलं तर फार लवकर वळते आणि वीज घटते. शेपटाला उगीच लोखंड जोडू नये.

बॅटरीपर्यंतची वाट

जनित्रातून तीन तारा येतात. ब्रिज रेक्टिफायर त्यांची वीज डीसी करतो, मग ती बॅटरीत जाते. अंतर लांब असेल तर १२ ऐवजी ४८ व्होल्टचा संच करावा. ५०० वॅटला १२ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर लागतात, ४८ वर साडेदहा. त्याच केबलमधला तोटा सोळापट कमी होतो.

बॅटरी भरली म्हणून चक्कीची तार कधीही काढू नये. भार सुटला की चक्की बेलगाम फिरते. त्यासाठी डम्प लोड, म्हणजे जादा वीज पिणारी हीटरची कॉइल, बॅटरीच्या चार्जिंगवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरला जोडलेली असते. चक्की थांबवायची तर वारा कमी असताना ब्रेक स्विचने तिन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात. टॉवर आणि ताणांना चांगलं अर्थिंग हवंच. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे वीज पडते.

हाताने ओळखायचे आजार

टॉवर आडवा केला की मल्टिमीटर नसतानाही बरंच निदान होतं. तारा सोडून चक्की हाताने फिरवा. ती लोण्यासारखी फिरली पाहिजे. कोणत्याही दोन तारा जोडल्या तर ती अडखळत, ठेचा खात फिरेल. तिन्ही जोडल्या तर एकसारखी जड होईल. तारा सुट्या असूनही ठेचा लागत असतील तर वेटोळ्यात शॉर्ट आहे. तारा रेक्टिफायरला जोडल्यावरच ठेचा लागल्या तर डायोड गेला. दोन तारा जोडूनही काही फरक पडला नाही तर त्यांपैकी एक कुठेतरी तुटली आहे.

फिरताना खरखर ऐकू आली तर बहुधा चुंबक गंजून फुगलेत आणि तबकडीला घासताहेत. चुंबक रेझिनमध्ये पूर्ण झाकलेले असले की हा त्रास टळतो. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या वर कमजोर होतात, म्हणून मे महिन्यात जास्त भार टाकून तबकडी तापवू नये.

खांबातून उतरणारी केबल वर्षभरात पीळ खाते; खाली प्लग ठेवला तर तो काढून पीळ सोडता येतो. पात्याची पुढची कड धुळीने खरवडते, तिथे दरवर्षी रंग किंवा टेप. ताणाचे क्लॅम्प, हबचं ग्रीस, शेपटाची बिजागरी आणि बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासावं.

बांधावी की नाही

रात्रीच्या दोन दिव्यांपुरती गरज असेल तर पॅनल आणि बॅटरीच स्वस्त. महाऊर्जा या सरकारी संस्थेने राज्यात पवन-सौर संकरित संच बसवले, तेही दोन्ही एकमेकांना पूरक म्हणूनच. घाटावर मोकळा माथा असेल, पावसाळ्यात वीज हवीच असेल आणि घरात वेल्डिंग-वायंडिंगची हौस असेल, तर आठ फुटी चक्की जरूर बांधावी. ज्याला वर्षातून दोनदा टॉवर आडवा करण्याचा कंटाळा आहे, त्याने मात्र या फंदात न पडता त्याच पैशांत आणखी एक पॅनल घ्यावं.