शेजार कोणाचा?

मावळातल्या जुन्या गावांची बांधणी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. महारवाडा गावाला लागूनच असतो. अंतराने मोजले तर याहून जवळचा शेजार नाही. तरीही गावाने या वस्तीला कधी शेजारी मानले नाही. बलुत्याची भाकरी मिळे, ती वरून टाकलेली. आमच्या हातचे पाणी मात्र कोणी घेत नसे. अशा घरातला पहिला पदवीधर म्हणून शेजारधर्म हा शब्द मला तपासून पाहावासा वाटतो.

ख्रिस्ती विचारात हा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात येतो. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो, की शेजारी म्हणावे कोणाला? प्रश्न हद्द आखून घेण्याचा आहे. येशू व्याख्या देत नाही, कथा सांगतो. लोणावळ्याहून बोरघाट खाली उतरतो, तसा यरुशलेमहून यरीहोकडे ओसाड डोंगरांतून रस्ता उतरे. तिथे लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक आला, बाजूने गेला. लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी दूर ठेवलेल्या समाजाचा माणूस. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाची हमी दिली. मग येशूने उलट विचारले, या तिघांत शेजारी कोण ठरला? शास्त्र्याने ‘दया करणारा’ अशा अर्थाचे उत्तर दिले. ‘शोमरोनी’ हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही!

ही कथा सांगितली की विद्यार्थी म्हणतात, तो जखमी माणूस म्हणजे आपण. हे वाचन मला अपुरे वाटते. कथेतला बहिष्कृत हा मदत मागणारा नाही; मदत करणारा आहे. माणुसकीचा मापदंड तोच ठरतो.

योहानाच्या शुभवर्तमानातला, चौथ्या अध्यायातला प्रसंग याच्याही पुढे जातो. याकोबाच्या विहिरीवर येशू एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. तिलाच त्याचे नवल वाटते. या मागण्याचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? दान देऊन जात मोडत नाही. उलट देणाऱ्याचा हात वरच राहतो. जात मोडते ती घेण्याने. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन्ही घटनांत पाणी हीच समतेची कसोटी होती.

चर्च या कसोटीला उतरले काय? धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे, की जात चर्चमध्येही शिरली. जिथे बाकडी वेगळी आणि दफनाच्या जागा वेगळ्या, तिथे शोमरोन्याची कथा रविवारच्या वाचनापुरती उरते.

पण बोट केवळ त्यांच्याकडे दाखवून चालणार नाही. मावळात कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत, मातंग वस्त्या आहेत. शिबिर घ्यायला, वह्या वाटायला आपले कार्यकर्ते तिथे जातात, जायलाच हवे. मात्र तिथल्या माठातले पाणी आपण मागून पितो काय? त्यांच्या चुलीवरची भाकरी खातो काय? त्यांची लेक सून म्हणून आपल्या घरात येते काय? या प्रश्नांची उत्तरे आधी आपण आपल्या बैठकांतून मोकळेपणाने द्यावीत. गावाला जाब विचारायचा तो त्यानंतर.