चेंडू कोणाच्या हाती द्यायचा?

शिरोळ परिसरात टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू झाल्या, की सामन्याइतकीच रंगते ती सामन्यानंतरची चर्चा. भरवशाच्या गोलंदाजाची षटके आधीच का संपवली, फटकेबाजाला एवढ्या खाली का पाठवले, असे प्रश्न हरलेल्या कर्णधाराला हमखास विचारले जातात. अमेरिकेतील बेसबॉलचे शौकीनही याच प्रश्नांवर हमरीतुमरीवर येतात. मात्र तेथील उत्तरे बरीचशी आधीच ठरलेली असतात.

बेसबॉलच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या खांद्यावर आणि कोपरावर विलक्षण ताण येत असल्याने बहुतेक संघ पाच प्रमुख फेकपटूंची पाळी लावतात. एकदा सुमारे नव्वद ते शंभर चेंडू फेकले, की साधारणतः चार दिवसांची विश्रांती. उद्याचा सामना कितीही मोलाचा असो, आज थकलेला हात सहसा उद्या वापरला जात नाही.

क्रिकेटमध्ये हा विचार उशिरा रुजला. जसप्रीत बुमराने २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ३२ बळी घेतले, पण अखेरच्या सिडनी कसोटीत त्याची पाठ दुखावली आणि शेवटच्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही. पुढे २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल, असे आधीच ठरले. चाहत्यांनी नाके मुरडली. प्रत्यक्षात भारताने जिंकलेल्या एजबॅस्टन आणि ओव्हल या दोन्ही कसोटींत बुमरा नव्हता. यावरून तो नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र शुद्ध आततायीपणा! एका दिवसात तीन-तीन सामने खेळणाऱ्या आपल्या गावोगावच्या पोरांच्या खांद्यांचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

फलंदाजीच्या क्रमाचे गणित वेगळे. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम सामन्यापूर्वीच लिहून द्यावा लागतो आणि बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटमध्ये मात्र क्रम ऐनवेळी बदलता येतो. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली, तेव्हा सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याची परवानगी मागितली. कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांनी ती दिली. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा कुटल्या आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये भारताला कायमचा सलामीवीर गवसला.

वाडेकरांना असे निर्णय नवे नव्हते. १९७१च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार या नात्याने बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन आणि प्रसन्ना असे चार नामवंत फिरकी गोलंदाज त्यांच्या हाताशी होते. तिन्ही कसोटींत प्रसन्नाला बाहेर बसावे लागले. ऑफस्पिनची जागा उपकर्णधार वेंकटराघवनला मिळाली. तो फलंदाजीत आणि क्षेत्ररक्षणातही उजवा होता. निव्वळ गोलंदाजीची कला पाहिली, तर अनेक जाणकारांचे मत प्रसन्नाच्या बाजूनेच पडले असते. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने ४ गडी राखून मालिका जिंकली. त्या डावात एकनाथ सोलकरने जमिनीलगत झेपावत ॲलन नॉटचा जो अविस्मरणीय झेल टिपला, तो वेंकटराघवनच्याच गोलंदाजीवर. ती कसोटी हातची गेली असती, तर प्रसन्नाला बाहेर का ठेवले, याचा जाब वाडेकरांना मुंबईत उतरताच द्यावा लागला असता.