परसदारी चक्राकार औषधी बाग : पालीसारख्या जांभ्याच्या गावासाठी

मुंबई-गोवा महामार्गावरील पाली (ता. रत्नागिरी) परिसरात घरामागे दोन-चार गुंठे जागा असते, पण कातळावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात ३००० मिमीहून अधिक पाऊस आणि मार्चनंतर विहिरीचे पाणी खाली, अशी दोन टोके. एकाच ढिगाऱ्यावर कोरडी व ओली अशा दोन्ही जागा देणारी चक्राकार बाग येथे उपयोगी पडते. गोगलगाईच्या शंखासारखा वळत वर जाणारा हा वाफा असतो. पाणी उतारावरून खाली झिरपते. त्यामुळे माथा कोरडा आणि पायथा ओला राहतो.

बांधणी कधी व कशी करावी?

काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. मे महिन्यात केलेला भराव बसण्याआधीच जूनच्या सरींनी वाहून जातो.

१. खुंटी व सुतळीने ६ फूट व्यासाचे वर्तुळ आखा. म्हणजे मधल्या झाडापर्यंत कडेवरून हात पोहोचतो.
२. फुटक्या चिऱ्यांची भिंत बाहेरून आत वळवत चढवा. वाफ्याची रुंदी सव्वा फूट ठेवा. मध्यभागी उंची अडीच फुटांपेक्षा जास्त नको. उंच ढिगाऱ्याची माती पावसात लवकर उतरते.
३. मध्यभागी खाली जांभ्याची खडी भरा. निचरा होतो आणि मातीही कमी लागते.
४. वर २ भाग माती, १ भाग कुजलेले शेणखत व १ भाग वाळू भरा. पायथ्याला वाळू टाळून शेणखत वाढवा व नारळाच्या सोडणी पुरा. त्या ओल धरतात.
५. तळाला पुठ्ठा घालू नका, वाळवी लागते.

पायथ्याचे टोक ईशान्येला ठेवा. तेथे दुपारचे ऊन कमी लागते.

कोणते झाड कुठे लावावे?

- माथा : कोरफड, पानओवा. पाणी साचल्यास कोरफडीची मुळे कुजतात.
- मधला भाग : तुळस, सब्जा, हिवाळ्यात कोथिंबीर. जूनच्या सुरुवातीला आले व हळद. आल्याला ओल हवी, पण साचलेले पाणी चालत नाही.
- पायथा : ब्राह्मी, वेखंड. पुदिना सर्वत्र पसरतो, म्हणून तो तळ फोडलेल्या कुंडीत लावून कुंडी पुरा.
- बाहेर, पश्चिमेला : गवती चहा. त्याचा ठोंब मोठा होतो. वाफ्यात लावल्यास इतरांना झाकतो, बाहेर लावल्यास दुपारची सावली देतो.

न्हाणीचे साबणाचे पाणी केळी-अळूला द्या. कच्ची पाने खायची असल्याने या बागेला ते नको.

फुरशापासून सावध राहा

चिऱ्यांच्या सांदी म्हणजे फुरसे व विंचवाला आयती जागा. रत्नागिरीत फुरसे नवीन नाही आणि जांभ्याच्या रंगात ते पटकन दिसत नाही. म्हणून सांदी बारीक कपच्या व चिखलाने बाहेरून बुजवा. सिमेंट नको, पाणी अडते. बाग दारापासून दहा-बारा फूट दूर ठेवा, भोवतालचे गवत काढा. संध्याकाळी पाने खुडायला जाताना विजेरी न्या आणि हात घालण्याआधी काठीने चाळवा. लहान मुलांना एकटे पाठवू नका. दंश झाल्यास आवळपट्टी किंवा गावठी उपाय करू नका. न हलवता लगेच सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिसर्पविष वेळेत मिळाले तर जीव वाचतो.

पावसाळ्यातील निगा

जूनआधी उघड्या मातीवर पेंढा किंवा पातेरा अंथरा. दर मोठ्या पावसानंतर ओघळ पडले का ते पाहा. उतरलेली माती पायथ्याहून उचलून माथ्यावर घाला. गोगलगाई संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका.

पहिल्या वर्षी पाच-सहाच झाडे लावा. एक पावसाळा भिंत टिकली की पुढची भर घाला.