ढाळजेतले टपाल आणि ओट्यावरचे दुकान : किल्लारी परिसराचा मागोवा

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेरणेच्या खोऱ्यातील सास्तूर, मंगरूळ, लिंबाळा, गुबाळ, नांदुर्गा, पेठसांगवी ही गावे 1993 पर्यंत बाहेरच्या जगाशी जोडलेली राहिली ती प्रामुख्याने टपालघर आणि किराणा दुकान या दोन ठिकाणांमुळे. त्या वर्षीच्या भूकंपाच्या इतिहासात मृतांची, पडलेल्या घरांची आणि पुनर्वसनाची नोंद सविस्तर झाली. परंतु या दोन संस्थांचा अस्त तितक्याच गांभीर्याने नोंदला गेला पाहिजे, कारण गावातील परस्परविश्वासाचा व्यवहार रोजच्या रोज घडत होता तो याच जागी.

हा परिसर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते. त्या खात्याच्या सुरुवातीच्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि देवनागरी अशा चार लिप्या आढळतात, यावरून संस्थानाची बहुभाषिक रचना ध्यानी येते. नाणेही स्वतंत्र होते. संस्थानाच्या रुपयाला ‘हाली’ आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत, आणि विलीनीकरणानंतर 7 हाली रुपयांना 6 कलदार हा विनिमयाचा दर धरण्यात आला. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचल्यावर मीठ, कापड, रॉकेल आणि गूळ यांची आवक सोपी झाली व लातूरच्या पेठेचे महत्त्व वाढले. या पेठेतून माल उचलून बैलगाडीने खेडोपाडी नेणारा दुकानदार दोन चलनांचा आणि दोन राजवटींच्या बाजारांचा हिशेब सांभाळत असे.

संस्थानाचे टपाल खाते 1 एप्रिल 1950 रोजी भारतीय टपाल खात्यात विलीन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत खेड्यांतून शाखा डाकघरे वाढत गेली. शाखा डाकघर म्हणजे उपडाकघराच्या हाताखालचे सर्वांत लहान कार्यालय होय. त्याचा शाखा डाकपाल पूर्णवेळ सरकारी नोकर नसे, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन असावे आणि कार्यालयासाठी जागा त्याने स्वतः द्यावी, अशी खात्याची अपेक्षा असे, व कामाबद्दल त्याला भत्ता मिळे. परिणामी हे काम बहुधा शिक्षक, शेतकरी किंवा दुकानदार यांच्याकडे जाई आणि टपालघर एखाद्या घराच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दरवाजाला लागून असलेल्या बैठकीच्या जागेत, भरत असे. कुलपाची पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी, लाखेची कांडी, तिकिटे, पोस्टकार्डे आणि टपालाची थैली एवढ्या सामग्रीवर ते चाले. पुण्या-मुंबईला किंवा सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला गेलेल्या माणसाची मनिऑर्डर येथे पोहोचे. पैसे घेणाऱ्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या अंगठ्याखाली साक्षीदाराची सही घेतली जाई, आणि त्याच फॉर्मच्या तळाशी असलेल्या संदेशाच्या चार ओळी डाकपाल किंवा पोस्टमन वाचून दाखवी. खाजगी मजकूर परक्याच्या तोंडून ऐकण्यात संकोच असे, तरी तो माणूस गावचाच असल्यामुळे हा व्यवहार निभावला जाई.

किराणा दुकानाचा पायाही ओळखीवर उभा होता. या भागात वाणी, कोमटी आणि मारवाडी कुटुंबांकडे हा व्यापार बऱ्याच प्रमाणात होता. दुकान घराच्या ओट्याला लागून असे आणि मीठ-मिरची, तेल, चहापत्तीच्या पुड्या, तंबाखू, दोर, कंदिलाच्या काचा असा माल तेथे मिळे. रोख पैसा हंगामापुरताच हाती येत असल्याने शेतमजूर पदरातील ज्वारी देऊन सौदा नेई, तर शेतकरी सुगीच्या बोलीवर उधारी करी. 1958 पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी शेर, पायली आणि मण बोलण्यातून लवकर गेले नाहीत. उधारीत अडवणूक होती, वाढीव व्याज होते आणि मापात खोटही होती, हे विसरून चालणार नाही. तरीही आजारपणात, लग्नकार्यात किंवा 1972 च्या दुष्काळासारख्या काळात कोणाची चूल पेटती ठेवायची, हे दुकानदाराच्या खातेवहीतील त्या घराच्या पानावर ठरे.

ज्या घरांतून हे सारे चाले, त्यांची बांधणी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि माळवदाची होती. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या टाकून वर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या छपरावर पावसाळ्यापूर्वी नवी पांढरी माती पसरण्याची रीत होती आणि त्यामुळे वर्षानुवर्षे त्याचे वजन वाढत जाई. 1992 च्या ऑगस्टपासून परिसराला धक्के बसत होते. अखेर 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, बसलेल्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात हीच भिंत आणि हेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अधिकृत नोंदीनुसार 7,928 माणसे दगावली. ढाळजेतील टपालाची पेटी आणि ओट्यामागची खातेवही त्याच ढिगाऱ्यात गेली, आणि त्याबरोबर कोणाचे देणे किती, हे ठाऊक असणारी अनेक माणसेही गेली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 450, तर त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना 750 चौरस फुटांचे घर मिळाले. ही घरे भूकंपाला तोंड देऊ शकणारी होती आणि इतक्या वेगाने इतकी घरे उभी राहिली, हे मोठेच काम होते. मात्र रुंद रस्ते आणि विखुरलेली घरे यांमुळे दाट गावठाणातील येणेजाणे तुटले, आणि निवासासाठी आखलेल्या घरात ढाळज किंवा दुकानाचा ओटा बसत नव्हता. घर बांधून देता येते. त्या घराच्या दारात चालणारा व्यवहार मात्र आराखड्यात काढता येत नाही.

तथापि सगळा दोष भूकंपाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. जेथे एकही भिंत पडली नाही, अशा मराठवाड्यातील अन्य गावांतही एसटीडी बूथ, मोबाइल, बँक खाती, तयार पाकिटांतील माल आणि तालुक्याच्या बाजारपेठेशी झालेली जवळीक यांनी जुन्या टपालघराचे आणि दुकानाचे काम हळूहळू काढून घेतले. तारसेवा जुलै 2013 मध्ये संपली, तर पारंपरिक मनिऑर्डर 2015 मध्ये. देशात आजही दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ग्रामीणच आहेत. म्हणजे टपाल खाते टिकले, लोपला तो गावकऱ्याच्या घरातून चालणारा त्याचा जुना प्रकार. इतरत्र जे स्थित्यंतर दोन पिढ्यांत झाले, ते किल्लारीत एका पहाटेत झाले. त्यामुळे जुन्या व्यवस्थेकडून नव्या व्यवस्थेकडे सावकाश जाण्याची, हिशेब पुरे करण्याची आणि वह्या जपून ठेवण्याची उसंत या गावांना मिळाली नाही.

म्हणूनच या परिसराच्या स्थानिक इतिहासाला घाई आहे. भूकंपाच्या वेळी तिशीत असलेली माणसे आता साठी ओलांडून गेली आहेत. कोणत्या ढाळजेत टपाल उतरे, कोणत्या ओट्यावर ज्वारी मोजली जाई, उधारी कोणाला मिळे आणि कोणाला नाकारली जाई, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे लागेल. जुनी पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या आणि ढिगाऱ्यातून वाचलेल्या खातेवह्या यांना तालुक्याच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी ऐतिहासिक कागदपत्रांचा दर्जा द्यावा लागेल. पुनर्वसित गावांचा इतिहास 1993 पासून सुरू होत नाही, हे पुढच्या पिढीला पटवून देणारा पुरावा याच कागदांत आहे.